अकरावी पाटी

या संग्रहातला पहिला लेख वाचाल तेव्हा त्यातल्या माश्यांपाशी जरा थांबा.

लेख आहे गिल्गमेशच्या महाकाव्यातल्या अकराव्या पाटीवर. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं टोचून लिहिलेलं, मेसोपोटेमियातलं हे काव्य तीन हजार वर्षांहून जुनं आहे. अकराव्या पाटीत महापुराची गोष्ट येते. सहा दिवस, सात रात्री वादळ चालतं. मग पाणी शांत होतं, पुरातून वाचलेला उतनपिश्तिम आपल्या नावेची खिडकी उघडतो, गालावर ऊन पडतं आणि तो खाली बसून रडतो. जमिनीला पाय लागल्यावर तो नैवेद्य मांडतो. त्या वासानं उपाशी देव माश्यांसारखे गोळा होतात.

वर्गातल्या बहुतेकांना ही उपमा म्हणजे देवांची टवाळी वाटली. टीकाकारांतही असं म्हणणारे आहेत. कृष्णाकाठच्या गावातून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका मुलीनं मात्र वेगळं लिहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पूर ओसरल्यावर घरी परतलो तेव्हा सगळ्यांत आधी माश्याच भेटल्या, असं तिनं लिहिलं. भिजलेलं धान्य, चिखल, मेलेली जनावरं आणि त्या सगळ्यावर बसलेल्या माश्या. तिचं म्हणणं असं, की ही उपमा सुचलेल्या माणसानं पूर पाहिला होता आणि तो ओसरल्यानंतरचा आठवडाही पाहिला होता.

मी हे महाकाव्य पंधरा वर्षं वाचते आहे. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

हा संग्रह 'जागतिक साहित्य आणि लेखन' या आमच्या अभ्यासक्रमातून तयार झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो. त्याचं नाव ओपन इलेक्टिव्ह, मुलांच्या भाषेत 'ओई'. आमचा विषय दोन श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा. वर्गात वाणिज्यची मुलं असतात, प्राणिशास्त्राची असतात, संगणकाची असतात. मराठी किंवा इंग्रजी साहित्य हा मुख्य विषय असलेलं क्वचितच कुणी. काही जण दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या म्हणून आलेले असतात, आणि पहिल्याच दिवशी ते तसं मोकळेपणानं सांगतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाचनाची सवय नसलेला माणूस पहिल्यांदा नीट वाचतो तेव्हा त्याला जे दिसतं, ते सराईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतं.

३० तासांत जगाचं साहित्य शिकवायचं म्हणजे काय करायचं, हे समजायला मला एक अख्खं वर्ष लागलं. पहिल्या वर्षीची माझी यादी होमरपासून मार्केसपर्यंत होती. प्रत्येक आठवड्याला नवा देश, नवं शतक. सत्र संपलं तेव्हा मुलांना नावं आणि सनावळ्या येत होत्या, पण एकाही पुस्तकातला एकही प्रसंग त्यांना स्वतःच्या शब्दांत धड सांगता येत नव्हता. ती यादी मी टाकून दिली. आता पाचच गोष्टी वाचतो: गिल्गमेशची अकरावी पाटी, देवलांचं 'संशयकल्लोळ' आणि त्याच्या मागे उभा असलेला मोलिएर, मेलेल्या मुलाचं दुःख ऐकायला कुणी न भेटलेल्या घोडागाडीवाल्याची चेकॉव्हची कथा, काफ्काची 'मेटॅमॉर्फोसिस' आणि चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट'. यात जपान नाही, दक्षिण अमेरिका नाही, अरबी कविता नाही, हे मला माहीत आहे आणि ते मला बोचतं. तरीही पन्नास पुस्तकांची नावं ऐकण्यापेक्षा पाच पुस्तकं तीनतीनदा वाचणं मला जास्त मोलाचं वाटतं.

वाचनाइतकाच वेळ लिहिण्याला दिला जातो. खरं सांगायचं तर लिहिण्याला जास्तच.

माश्यांच्या त्या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात माश्या नव्हत्या. त्याची सुरुवात अशी होती, की गिल्गमेश हे जागतिक साहित्यातील एक अजरामर महाकाव्य असून त्यातून मानवी जीवनातील चिरंतन मूल्यांचे दर्शन घडते. पुढची दोन पानं तशीच. मी खाली एक प्रश्न लिहून वही परत दिली: यातलं कोणतं वाक्य अकरावी पाटी न वाचता तुला लिहिता आलं नसतं? चार दिवसांनी ती आली आणि म्हणाली, "मॅडम, एकपण नाही." दुसऱ्या खर्ड्यात तिनं गोष्टीचा सारांश लिहिला. तो बिनचूक होता. त्यावर विचारलं, की वाचताना तू कुठे अडखळलीस? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं पुस्तक उघडून माश्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती इथे लिहायला तिची परवानगी आहे. दहावीच्या सराव परीक्षेत तिनं महापुरावर निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. त्या निबंधातला पूर गाइडमधला होता. निसर्गाचं रौद्र रूप होतं, माणुसकीचा झरा होता, शेवटी आशेचा किरणही होता. आपल्या दारात आलेल्या पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तसं लिहायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं.

यात तिचा दोष नाही. तिच्या शिक्षकांना मी दोष द्यावा तर मीही त्याच वाटेनं आले आहे. मी शिकले त्या महाविद्यालयात नोट्स सांगितल्या जायच्या आणि आम्ही त्या उतरवून घ्यायचो. हॅम्लेटच्या दिरंगाईची पाच कारणं मला आजही पाठ आहेत. ते नाटक मी सलग वाचलं ते एम. ए. झाल्यानंतर. पाच कारणांपैकी दोन तरी नाटकात मला सापडली नाहीत, आणि त्या रात्री मला जो राग आला होता त्यातूनच पुढे हा अभ्यासक्रम उभा राहिला.

म्हणून इथे एकच नियम आहे. लिहायचं ते काहीही लिहा, पण ते कुठल्या ओळीवरून म्हणता ते दाखवा. वहीच्या डाव्या पानावर पुस्तकात काय आहे ते, उजव्या पानावर मला काय वाटतं ते. डावं पान रिकामं असेल तर उजव्या पानावरचं वाचायचं नाही. प्रत्येक लेख तीनदा लिहायचा आणि तिसऱ्या खेपेला वर्गात मोठ्यानं वाचायचा. मोठ्यानं वाचताना खोटं वाक्य लिहिणाऱ्यालाच टोचतं. त्यासाठी मला लाल शाई वापरावी लागत नाही.

'निबंध' या आपल्या शब्दात बांधणं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षं एकहाती चालवली, तेव्हा युक्तिवादाची घट्ट बांधणी हेच तिचं बळ होतं. फ्रान्समध्ये मोंतेन्यनं १५८० मध्ये आपल्या लेखनाला 'एसे' म्हटलं. त्या शब्दाचा अर्थ प्रयत्न, करून पाहणं. मुलांना मी हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहून दाखवते. आधी करून पाहा, बांधायचं मग बघू. शाळेत त्यांच्याकडून नेमकं उलटं करून घेतलेलं असतं: पाहण्याआधीच बांधलेलं.

अनुवादातून वाचलेलं साहित्य खरं वाचणं असतं का, असा प्रश्न मला सहकाऱ्यांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. अक्कादी, जर्मन किंवा रशियन आमच्यापैकी कुणालाच येत नाही. आम्ही इंग्रजी अनुवाद वाचतो, मराठी मिळाला तर तोही शेजारी ठेवतो, आणि नसेल तर वर्गातच ओळी मराठीत उतरवून पाहतो. पण ज्या माणसानं 'जागतिक साहित्य' ही कल्पना जगात रुजवली, त्या ग्योथेचंही वाचन याहून वेगळं नव्हतं. ३१ जानेवारी १८२७ रोजी तो आपला सहायक एकरमान याच्याशी या विषयावर बोलला तेव्हा त्याच्या वाचनात एक चिनी कादंबरी होती, आणि त्याला चिनी येत नव्हतं. कालिदासाचं 'शाकुंतल' त्याच्यापर्यंत पोचलं तेही संस्कृतातून विल्यम जोन्सच्या इंग्रजीत १७८९ साली आणि त्या इंग्रजीतून फोर्स्टरच्या जर्मनमध्ये १७९१ साली. दोन ओंजळींतून आलेलं ते पाणी पिऊन तो हरखून गेला. त्याच्या 'फाउस्ट'च्या आरंभीचा रंगभूमीवरचा प्रवेश 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेवरून सुचला असं मानतात, आणि तो 'फाउस्ट' विंदा करंदीकरांनी पुन्हा मराठीत आणला.

आमच्या मुलांना मात्र ग्योथेपेक्षा हरिपूर जवळचं. सांगलीहून चालत जाता येईल इतकं जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव गोविंद बल्लाळ देवलांचं. मोलिएरनं १६६० मध्ये बायकोवर विनाकारण संशय घेणाऱ्या नवऱ्याचं एक प्रहसन लिहिलं. आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये ते इंग्रजीत आपल्या पद्धतीनं मांडलं. देवलांनी त्यावरून 'फाल्गुनराव' केलं आणि पुढे १९१६ मध्ये पदं घालून त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं. पॅरिसच्या रंगमंचावर एका तसबिरीवरून उठलेला संशयाचा धुरळा अडीचशे वर्षांनी आपल्याकडे येऊन बसला, आणि आमच्या मुलांचे आजोबा-पणजोबा ती पदं गुणगुणत मोठे झाले. जगाचं साहित्य वाचायला आपण घराबाहेर पडतो आहोत अशी मुलांची समजूत असते. हरिपूरला जाऊन आल्यावर ती राहत नाही. आमची ती सहल दर वर्षी ठरलेली आहे आणि तिच्यावर लिहिलेले दोन लेख या संग्रहात आहेत. ते मला फारसे जमलेले वाटत नाहीत, पण त्यांतला आनंद खरा आहे म्हणून ठेवले.

काफ्कावरचे लेख मात्र सावकाश वाचा. त्या कथेवर आम्ही सगळ्यांत जास्त दिवस घालवले. पहिलाच अडथळा ग्रेगोर सामसा कशात बदलतो हा. फळ्यावर तीन शब्द आले: झुरळ, किडा, कीटक. प्राणिशास्त्राच्या एका मुलीनं 'कीटक' लगेच खोडून काढला. कीटकाला सहा पाय असतात आणि कथेत तर पुष्कळ बारीक पाय वळवळताना दिसतात. 'झुरळ' म्हटलं की वाचकाला नेमका प्राणी दिसतो, आणि काफ्काला तेच नको होतं. १९१५ मध्ये पुस्तक छापलं जात असताना त्यानं प्रकाशकाला मुद्दाम कळवलं, की मुखपृष्ठावर तो प्राणी काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. त्यानं वापरलेला जर्मन शब्द 'उंगेत्सीफर'. त्याच्या मुळाशी बळी द्यायला न चालणारा, अशुद्ध प्राणी असा अर्थ सांगतात. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे विटाळ." वर्ग शांत झाला. तो शब्द त्याला कोशात सापडलेला नव्हता. ज्याच्या खोलीत यायला घरचीच माणसं कचरतात, ज्याचं जेवण लांबून आत सरकवलं जातं, तो माणूस त्याच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टींमध्ये होता. त्याचा लेख संग्रहात चौथा आहे. त्यावर मी काही भाष्य करत नाही.

त्याच कथेवर वाणिज्य शाखेच्या एका मुलानं जे लिहिलं त्यानं मला पुन्हा मूळ पुस्तकाकडे पाठवलं. त्यानं सामसा कुटुंबाचा हिशेब मांडला आहे. आईवडिलांवर ग्रेगोरच्या मालकाचं कर्ज, ते फिटायला आणखी पाच-सहा वर्षं लागतील असा ग्रेगोरचा अंदाज. म्हणून तर सकाळी जाग आल्यावर शरीर बदललं आहे यापेक्षा पाचची गाडी चुकली याचीच त्याला चिंता. मग बंद दाराआडून त्याला ऐकू येतं, की वडिलांच्या बुडालेल्या धंद्यातले थोडे पैसे शिल्लक होते, आणि तो दरमहा घरी देत होता तेही सगळे खर्च झालेले नव्हते. त्या पैशांतून कर्ज आधीच कमी करता आलं असतं, नोकरीतून सुटण्याचा दिवस जवळ आला असता. हे ग्रेगोरलाही कळतं, आणि तरी वडिलांनी केलं तेच बरं असं तो म्हणतो. लेखक इथे विचारतो, की किडा होण्याची तारीख नक्की कोणती धरायची? गाडी चुकली ती सकाळ, की शिल्लक लपवली गेली तो महिना? ताळेबंद वाचायला शिकलेल्या मुलालाच हा प्रश्न पडू शकतो. काफ्का स्वतः विमासंस्थेत नोकरी करत असे हे मी त्याला नंतर सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी विसरणार नाही.

अचेबेवरच्या लेखांबद्दल थोडी पार्श्वभूमी लागेल. १९५८ च्या या कादंबरीत ओकोन्क्वोचं सगळं आयुष्य आपल्यासमोर उलगडतं. शेवटच्या पानावर इंग्रज डिस्ट्रिक्ट कमिशनर आपल्या नियोजित पुस्तकात या माणसाला किती जागा द्यावी याचा विचार करतो. प्रकरणभर नको, एक परिच्छेद पुरे. हे वाचून झाल्यावर मुलांना मी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८५ चा सातारा खंड वाचायला देते. दक्षिण सातारा, म्हणजे पुढचा सांगली जिल्हा, १९४९ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे वाळवा-तासगावकडच्या मुलांची गावं त्या खंडात सापडतात. आपल्या समाजाची घरं कशी, जेवण काय, लग्नाला खर्च किती, हे बाहेरच्या माणसानं एकदोन परिच्छेदांत उरकलेलं मुलं वाचतात. मग त्याच विषयावर आतून लिहायचं. हे लेख लांबले आहेत. मी ते कापलेले नाहीत.

भाषेबद्दल एक खुलासा. आम्ही वाचतो बऱ्याच अंशी इंग्रजीत, पण लिहितो मराठीत. सुरुवातीला काही मुलांचा याला विरोध असतो, कारण नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी लागणार. मी त्यांना सांगते, की विचार एकदा एका भाषेत सरळ उभा करता आला की दुसऱ्या भाषेत नेणं ही मेहनतीची बाब उरते. पण तो कुठेच उभा राहत नसेल तर दोन्ही भाषांत फक्त शब्द उरतात. कुठली मराठी लिहायची, हाही प्रश्न येतोच. माश्यांच्या लेखात तिनं आधी सगळीकडे 'महापूर' लिहिलं होतं. बोलताना ती 'म्हापूर' म्हणायची. तिची आजी, तिचं सगळं गाव तेच म्हणतं. तिसऱ्या खर्ड्यात जिथे आजी बोलते तिथे 'म्हापूर' आला आणि ते वाक्य जिवंत झालं. मुद्रितशोधनात हे शब्द प्रमाण करू नयेत असं मी कळवलं होतं.

फोनला सांगितलं की अर्ध्या मिनिटात निबंध लिहून मिळतो, तेव्हा हे सगळं कशाला, असंही मला विचारलं जातं. गेल्या वर्षी तसे तीन निबंध माझ्याकडे आले. भाषा स्वच्छ होती, गिल्गमेशच्या मृत्युभयाबद्दलचं म्हणणंही ठीक होतं. मी त्या मुलांना बोलावून शांतपणे एवढंच म्हटलं, की तुमचं डावं पान मला दाखवा. ते कोरं होतं. तिघांनी पुन्हा लिहिलं. त्यांपैकी एकाचा लेख इथे आहे आणि तो कुठला हे मी सांगणार नाही, कारण आता तो त्याचा आहे.

अकराव्या पाटीचा एक वाचक मुलांना फार आवडतो. त्याचं नाव जॉर्ज स्मिथ. लंडनचा हा तरुण चौदाव्या वर्षी शाळा सोडून नोटांच्या ठशांचं कोरीव काम शिकत होता. दुपारच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन निनवेहून आलेल्या मातीच्या तुकड्यांकडे बघत बसायचा. हळूहळू ती लिपी शिकला, म्युझियमनं त्याला कामावर घेतलं, आणि १८७२ मध्ये एका तुकड्यावर त्याला पुराची गोष्ट वाचता आली. 'ओई'च्या वर्गात बसलेल्या मुलांना हा माणूस आपला वाटतो. शाखा त्याची वेगळीच होती.

ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांनी एकेका पुस्तकाच्या प्रती मिळवण्यासाठी जे कष्ट घेतले त्याबद्दल त्यांचे आभार. लेख लिहिणाऱ्यांच्या आईवडिलांचेही, कारण यातल्या कित्येक घरगुती गोष्टी छापायला त्यांनी होकार दिला.

शेवटी छपाईविषयी एक सूचना. या महाकाव्याच्या पाट्या ठिकठिकाणी फुटलेल्या आहेत, आणि अनुवादक तुटलेल्या ओळींच्या जागी टिंबं देतात. तिथे काय होतं ते कळायला मार्ग नसेल तर अंदाजानं भरत नाहीत. पहिल्या लेखात गोठ्यातल्या म्हशींबद्दलचा परिच्छेद आहे, त्यात दोन ओळींच्या जागी अशीच टिंबं दिसतील. मुद्रकानं दोनदा फोन करून मजकूर राहिला आहे का असं विचारलं. मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम, तिथं फुटलंय." टिंबं तशीच ठेवली आहेत.